विश्लेषण : इन्व्हर्टरमधले भाग कमी केले, तर वीज खरेच वाचते का?

लाइट जाते, जिन्याखालच्या इन्व्हर्टरमधून ‘टक्’ असा आवाज येतो, पंखा क्षणभर अडखळतो आणि पुन्हा फिरू लागतो. बहुतेक घरांची इन्व्हर्टरशी ओळख एवढीच. आता मात्र तो जिन्याखालून गच्चीवर पोचला आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून छतावर पॅनेल बसवणाऱ्याच्या घरात इन्व्हर्टर आहे, शेतातल्या सौर पंपाच्या पेटीत इन्व्हर्टर आहे, बीएलडीसी पंख्यात आणि विजेवरच्या स्कूटरमध्येही तोच आहे. दुकानात गेल्यावर ग्राहकाचा प्रश्न ठरलेला असतो : स्वस्तातला घेतला तर बिघडले कुठे? स्वस्त म्हणजे बहुधा कमी भागांचा, आणि कमी भागांचा म्हणजे बिघडायला कमी जागा, असे वरवर पाहता वाटते. इन्व्हर्टरच्या रचनेत गेल्या दहा-बारा वर्षांत जे घडले ते पाहिले तर हे गणित इतके सरळ राहत नाही.

इन्व्हर्टर नेमके काय करतो?

बॅटरी आणि सौर पॅनेल डीसी वीज देतात, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातली उपकरणे एसीवर चालतात. तिथे प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे जातो. एका दिशेच्या प्रवाहाला असे उलटसुलट करून देणे हेच इन्व्हर्टरचे काम.

त्यासाठीची रूढ मांडणी चार स्विचची. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी दिसते म्हणून तिला ‘एच-ब्रिज’ म्हणतात. कर्णावरचे दोन स्विच चालू केले की प्रवाह एका दिशेने जातो. ते बंद करून उरलेले दोन चालू केले की उलट दिशेने. हे स्विच अर्थातच बोटाने दाबायचे नसतात. ते मॉस्फेट किंवा आयजीबीटी नावाचे अर्धसंवाहक भाग असतात आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊ शकतात.

कार्यक्षमतेची गुरुकिल्ली या ‘चालू-बंद’मध्येच आहे. स्विच पूर्ण बंद असेल तर त्यातून प्रवाह नाही. पूर्ण चालू असेल तर त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक जवळपास नाही. वाया जाणारी शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले प्रवाह, त्यामुळे दोन्ही अवस्थांत ती नगण्य. नुकसान होते ते दोन ठिकाणी. एक, चालू असताना स्विचमध्ये उरलेल्या थोड्याशा रोधात. दोन, चालू-बंद होतानाच्या त्या अत्यल्प क्षणात, जेव्हा व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी हजर असतात. पुढची सगळी कथा या दोन गळत्या बुजवण्याची आहे.

चारऐवजी दोन स्विच चालणार नाहीत का?

चालतील. त्याला ‘हाफ-ब्रिज’ म्हणतात. पण २३० व्होल्टच्या आपल्या एसी विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टवर असते. चार स्विचच्या पुलाला तेवढा डीसी पुरवठा पुरतो. दोन स्विचच्या पुलाला मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे ६५० व्होल्ट द्यावे लागतात, वर मधला बिंदू तयार करायला दोन मोठे कपॅसिटर हवेत. दोन स्विच वाचले, पण उरलेले दोन महागडे, जास्त व्होल्टेजचे लागले. इन्व्हर्टरमध्ये एखादा भाग काढला की त्याचे ओझे दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाते. हे इथून पुढे सारखे दिसेल.

सर्वांत कमी भागांचा इन्व्हर्टर कसा असतो?

इंजिनीअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला ज्यांनी ‘मिनी प्रोजेक्ट’ केला आहे त्यांना तो तोंडपाठ असेल. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका चकरेत सगळे सामान मिळते : ‘सीडी ४०४७’ ही आयसी, आयआरएफझेड ४४ जातीचे दोन मॉस्फेट, १२-०-१२ चा एक ट्रान्सफॉर्मर आणि चार-दोन किरकोळ रोध, कपॅसिटर. आयसी एकदा या मॉस्फेटला, एकदा त्या मॉस्फेटला चालू करते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या वेटोळ्यांतून प्रवाह आळीपाळीने जातो आणि दुसऱ्या बाजूला २३० व्होल्टच्या आसपास एसी मिळते. बल्ब लागतो, परीक्षक सही करतात.

या रचनेला ‘पुश-पुल’ म्हणतात. ती दिसते तितकी भाबडी नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ती एच-ब्रिजपेक्षा एका बाबतीत सरस आहे : प्रवाहाच्या वाटेत एका वेळी एकच स्विच येतो, एच-ब्रिजमध्ये दोन. कमी व्होल्टेज आणि प्रचंड प्रवाह असताना हा फरक मोठा असतो.

अडचण लाटेच्या आकाराची आहे. साधा पुश-पुल चौकोनी लाट देतो. महावितरणची वीज गोलाईदार साइन लाटेत येते, तर इथे व्होल्टेज एकदम वर, एकदम खाली. अशा लाटेत मूळ ५० हर्ट्झबरोबर १५० हर्ट्झ, २५० हर्ट्झ अशा विषम पटींचे घटक मिसळलेले असतात. त्यातला १५० हर्ट्झचा घटक मूळ घटकाच्या एक तृतीयांश असतो, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पंख्याच्या मोटरला त्याचा काही उपयोग नसतो. ती फक्त गुणगुणते आणि तापते. लाइट गेल्यावर पंखा घूं घूं करतो अशी जुनी तक्रार आहे, ती इथली. शिवाय चौकोनी लाटेचे शिखर २३० व्होल्टच्या जवळपासच थांबते, ३२५ पर्यंत चढत नाही. त्यामुळे शिखरावर अवलंबून असलेली उपकरणे कुरकुरतात.

थोडक्यात, इन्व्हर्टरमध्ये वाचवलेले भाग घरातल्या पंख्याच्या खात्यात खर्ची पडतात. खोक्यावर छापलेल्या किमतीत ते दिसत नाहीत.

मग ‘प्युअर साइन वेव्ह’मध्ये काय वाढवलेले असते?

आश्चर्य म्हणजे फारसे काही नाही. पुलातले मॉस्फेट तेच, ट्रान्सफॉर्मर तोच. आयसीच्या जागी एक मायक्रोकंट्रोलर येतो. तो स्विचला सेकंदाला ५० फेऱ्यांत न नाचवता हजारो वेळा चालू-बंद करतो, आणि प्रत्येक वेळी ‘चालू’ राहण्याचा काळ थोडा थोडा बदलतो. लाटेच्या शिखराजवळ स्विच जास्त वेळ चालू, शून्याजवळ अगदी कमी. हे तुकडे कॉइल आणि कपॅसिटरमधून गाळून घेतले की साइन लाट उरते. याला ‘पल्स विड्थ मॉड्युलेशन’ किंवा पीडब्ल्यूएम म्हणतात.

भारतीय घरगुती इन्व्हर्टरची खरी करामत पुढे आहे. लाइट आल्यावर बॅटरी चार्ज करायला त्यात वेगळा चार्जर असायला हवा, असे कुणालाही वाटेल. अनेक साइन वेव्ह मॉडेलांत तो नसतोच. तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने वापरतात, तेच मॉस्फेट एसीचे डीसी करतात, आणि ट्रान्सफॉर्मरमधले गळतीचे इंडक्टन्स, जे एरवी दोष मानले जाते, तेच व्होल्टेज चढवण्याच्या कॉइलचे काम करते. एका पुलाची दोन कामे, एका ट्रान्सफॉर्मरची तीन. कमी भागांत चोख काम कसे काढावे याचा धडा म्हणून ही रचना वर्गात शिकवायला हवी. खुळचट ठरवून तिला बाजूला सारणारे तिचा नीट अभ्यास करत नाहीत.

तिची किंमत मात्र वजनात आणि उष्णतेत मोजावी लागते. ५० हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांब्याचा गोळा. इन्व्हर्टर उचलताना कंबरेत कळ येते ती त्याच्यामुळे. आणि बॅटरीवर चालताना भार नसला तरी तो गोळा स्वतःसाठी थोडी वीज खात राहतो.

टक्केवारीतला फरक किती मोठा?

हिशेब करून पाहता येतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर घराला १,४४० मिळतात. ९२ टक्के असेल तर १,६५६. फरक २१६ वॉट-तासांचा. २८ वॉटचा बीएलडीसी पंखा यावर साडेसात तासांहून जास्त फिरतो. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये हे खरे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे कमी येतील. पण प्रमाण तेच राहील. मे महिन्याच्या रात्री ती एक झोप आहे.

भाग वाढवून नुकसान कमी होते, ते कसे?

समजा घरात ८०० वॉटचा भार आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी, नुकसान धरून, ८० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. आयआरएफझेड ४४ एन या मॉस्फेटचा चालू अवस्थेतला रोध सुमारे १७.५ मिलिओम. असे चार जोडीने, म्हणजे समांतर लावले तर रोध ४.४ मिलिओमवर येतो. उष्णतेचे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते : ८० चा वर्ग ६,४००, गुणिले ४.४ मिलिओम म्हणजे २८ वॉट. हे २८ वॉट हीट सिंकला बाहेर टाकायचे असतात.

आता चारऐवजी आठ मॉस्फेट लावले तर? रोध निम्मा, नुकसान १४ वॉट. भाग दुप्पट झाले. पण हीट सिंक लहान झाला, आतला पंखा कदाचित लागणारच नाही, आणि प्रत्येक मॉस्फेट गार राहिला. मॉस्फेट तापला की त्याचा रोध आणखी वाढतो, म्हणून गार राहण्याचा फायदा दुहेरी. इन्व्हर्टर उघडल्यावर एका रांगेत आठ-दहा सारखे मॉस्फेट दिसतात ते उगाच नसतात. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात त्यातले एक-दोन काढून ‘चालतंय की’ म्हणत परत दिले जाते तेव्हा काय होत असेल, हे वरच्या गुणाकारावरून समजते.

दुसरा मार्ग दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करण्याचा. प्रवाह निम्मा होतो, म्हणून त्याच मॉस्फेटमध्ये नुकसान एक चतुर्थांश. मोठ्या क्षमतेचे घरगुती इन्व्हर्टर २४ व्होल्टचे असतात ते यासाठी. इथेही एक पाचर आहे : पुश-पुलमध्ये बंद असलेल्या स्विचवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येते, त्यामुळे २४ व्होल्टसाठी जास्त सहनशीलतेचे मॉस्फेट लागतात आणि त्यांचा रोध मुळातच थोडा जास्त असतो. तरीही सौदा फायद्याचा ठरतो.

ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला तर?

छतावरच्या सौर इन्व्हर्टरमध्ये नेमके हेच झाले. पॅनेल एकापुढे एक जोडून डीसी व्होल्टेज काही शे व्होल्टपर्यंत नेता येते. मग ते चढवायला ट्रान्सफॉर्मर कशाला? तो काढला की वजन घटते, किंमत घटते आणि कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी वाढते. तीन किलोवॉटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो असे धरले, तर दोन टक्के म्हणजे वर्षाला ८५-९० युनिट. केवळ एक जड भाग काढल्याने.

पण ट्रान्सफॉर्मर आणखी एक काम गुपचूप करत होता. तो पॅनेल आणि महावितरणची तार यांना एकमेकांपासून अलग ठेवत होता. पॅनेलमधल्या पेशी, वरची काच आणि बाजूची धातूची चौकट मिळून जमिनीच्या संदर्भात एक नको असलेला कपॅसिटर तयार होतो. पावसात पॅनेल ओले झाले की तो आणखी मोठा होतो. ट्रान्सफॉर्मर नसेल आणि पुलाची स्विचिंग करण्याची पद्धत चुकीची असेल, तर संपूर्ण पॅनेलचे व्होल्टेज जमिनीच्या तुलनेत सेकंदाला हजारो वेळा हिंदकळते आणि या कपॅसिटरमधून गळतीचा प्रवाह वाहतो. चौकटीला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो, संरक्षक यंत्रणा पुन्हा पुन्हा ट्रिप होते.

यावरचे उत्तर जर्मनीतून आले, आणि ते भाग वाढवण्याचे होते. एसएमए कंपनीने एच-ब्रिजला पाचवा स्विच जोडला. रचनेचे नावच ‘एच-५’. लाटेच्या ज्या क्षणी पुलातून नुसताच फिरता प्रवाह जात असतो, त्या क्षणी हा पाचवा स्विच पॅनेलला ग्रिडपासून तोडतो. सनवेज कंपनीने वापरलेल्या ‘हेरिक’ रचनेत असे दोन स्विच एसीच्या बाजूला बसवले, म्हणजे एकूण सहा. लोखंड-तांब्याचा एक गोळा काढून नखाएवढे एक-दोन स्विच घातले. भागांची संख्या वाढली, वजन आणि नुकसान घटले. आज घराघरांत बसणारे ९७-९८ टक्के कार्यक्षमतेचे सौर इन्व्हर्टर याच कुळातले आहेत.

गूगलने दहा लाख डॉलर कशासाठी लावले?

जुलै २०१४ मध्ये गूगल आणि आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने ‘लिटल बॉक्स चॅलेंज’ जाहीर केले. अट अशी : दोन किलोव्होल्ट-अँपिअरचा, ४५० व्होल्ट डीसीवरून २४० व्होल्ट एसी देणारा इन्व्हर्टर बनवा. तो दर घनइंचामागे किमान ५० वॉट देणारा हवा, म्हणजे एकूण आकार ४० घनइंच, सुमारे ६५५ घनसेंटिमीटरच्या आत. कार्यक्षमता ९५ टक्क्यांहून जास्त. बाहेरचे आवरण ६० अंशांपेक्षा तापता कामा नये. रेडिओ लहरींत खरखर नको. आणि हे सगळे सांभाळत १०० तासांची चाचणी झेपली पाहिजे. त्या वेळी बाजारात मिळणारे याच क्षमतेचे इन्व्हर्टर सहलीच्या बर्फाच्या पेटीएवढे असत.

दोन हजारांहून अधिक नोंदण्या आल्या. शंभराहून अधिक संघांनी तांत्रिक आराखडे दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये १८ संघ आपापली खोकी घेऊन अमेरिकेतील कोलोरॅडोच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत पोचले. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी निकाल लागला : बेल्जियमच्या सीई+टी पॉवर कंपनीचा ‘रेड इलेक्ट्रिकल डेव्हिल्स’ हा संघ जिंकला. बेल्जियमच्या फुटबॉल संघाला ‘रेड डेव्हिल्स’ म्हणतात, त्यावरून हे नाव. त्यांच्या इन्व्हर्टरची घनता दर घनइंचाला सुमारे १४३ वॉट होती, म्हणजे अटीच्या जवळजवळ तिप्पट. संपूर्ण यंत्र साधारण २३० घनसेंटिमीटरचे. पाण्याच्या एका फुलपात्रात मावावे एवढे.

एवढे लहान करायला त्यांनी भाग कमी केले असतील, असा अंदाज कुणीही बांधेल. स्विचच्या बाबतीत उलट झाले. साध्या चार स्विचच्या पुलापेक्षा त्यात जास्त स्विच होते. ते का, हे समजायला इन्व्हर्टरमधल्या सर्वांत नावडत्या भागाकडे वळावे लागेल.

कपॅसिटरच का नडतो?

एक फेजची एसी वीज सारखी वाहत नाही. व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही शून्यावर येतात त्या क्षणी घराला शक्ती शून्य जाते. शिखरावर सरासरीच्या दुप्पट जाते. आपल्याकडे हे सेकंदाला १०० वेळा घडते. पॅनेल किंवा बॅटरी मात्र एकसारखी शक्ती देते. या दोहोंमधला फरक मिलिसेकंदांपुरता कुठेतरी साठवून ठेवावा लागतो. घरात नळाचे पाणी तास-दोन तासच येते म्हणून टाकी लागते, तसेच हे.

दोन किलोवॉटसाठी, स्पर्धेतल्या ६० हर्ट्झवर, ही साठवण अवघी ५.३ ज्यूल आहे. एवढीशी ऊर्जा साठवायला लहानसा कपॅसिटर पुरायला हवा. पण अट अशी असते की डीसी बाजूचे व्होल्टेज तीन टक्क्यांहून जास्त डुलू नये. ४०० व्होल्टवर तीन टक्के म्हणजे १२ व्होल्ट. एवढ्याच फरकात ५.३ ज्यूल काढायचे-घालायचे तर कपॅसिटर सुमारे १,१०० मायक्रोफॅरडचा लागतो. तो ४०० व्होल्टला ८८ ज्यूल साठवतो आणि त्यातले जेमतेम सहा टक्के वापरतो. हजार लिटरची टाकी बसवून वरचे ६० लिटरच वापरल्यासारखे.

एवढा मोठा कपॅसिटर परवडेल असा फक्त एका जातीचा मिळतो : इलेक्ट्रोलिटिक, आत द्रव असलेला, आपल्या जुन्या टीव्हीत फुगून फुटायचा तो. त्याचे आयुष्य तापमानावर ठरते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट, वाढले की निम्मे. १०५ अंशांना ५,००० तास चालणारा कपॅसिटर ६५ अंशांना ८०,००० तास चालेल. ८५ अंशांना २०,०००. शेतातल्या बंद पेटीत मे महिन्यात आत किती तापमान असेल याचा अंदाज विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

विजेत्या संघाने, आणि स्पर्धेतल्या इतर काही संघांनीही, ही टाकी पूर्ण वापरायची युक्ती केली. कपॅसिटर थेट डीसी तारेला न जोडता मध्ये दोन-चार स्विच आणि एक लहान कॉइल घातली. आता कपॅसिटरचे व्होल्टेज २०० ते ४०० असे हवे तितके डुलू शकते, बाहेरच्या तारेला त्याचा पत्ता लागत नाही. तेच ५.३ ज्यूल काढायला आता सुमारे ८८ मायक्रोफॅरड पुरतात, म्हणजे पूर्वीच्या बाराव्या हिश्शाहून कमी. एवढा लहान कपॅसिटर सिरॅमिक जातीचा घेता येतो. त्यात वाळून जायला द्रवच नसतो.

वाढवलेले स्विचही साधे सिलिकॉनचे नव्हते. ते गॅलियम नायट्राइडचे होते. हे तेच द्रव्य ज्यापासून निळा एलईडी बनला आणि ज्याच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज खिशात मावणाऱ्या ६५ वॉटच्या मोबाइल चार्जरवर ‘गॅन’ लिहिलेले असते, तेही हेच. हे स्विच सिलिकॉनपेक्षा खूप वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेली दुसरी गळती बुजते. स्विचिंगची वारंवारता वाढवता येते आणि लाट गाळणारी कॉइल लहान होते. इलिनॉय विद्यापीठाचा संघ तर आणखी पुढे गेला. त्यांनी व्होल्टेजचे सात पायऱ्यांत तुकडे केले. प्रत्येक स्विचवर एकूण व्होल्टेजचा सहावा हिस्साच येतो, कॉइलला सहापट वारंवारता दिसते. त्यांच्या शोधनिबंधात दर घनइंचाला २१६ वॉटची घनता दिली आहे. स्विच आणखी वाढले, खोके आणखी लहान झाले.

तीन फेज असेल तर?

इथे एक सुंदर गोष्ट घडते. तीन फेजमध्ये एकाची शक्ती उतरते तेव्हा उरलेल्या दोघांची चढते, आणि समतोल भारात तिघांची बेरीज प्रत्येक क्षणी तंतोतंत सारखीच राहते. डुलणेच नाही, म्हणून टाकीही नको. स्विच चारऐवजी सहा लागतात, पण तो मोठा कपॅसिटर बराच लहान करता येतो.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’सारख्या योजनांतून बसणाऱ्या पंपांच्या पेटीत असा तीन फेजचा इन्व्हर्टर बसवता येतो. मोटर तीन फेजची असेल तर विहिरीपर्यंत वीज न्यायला एकफेजी डुलण्याचा प्रश्नच येत नाही. आणि पॅनेलच्या बाजूला डुलणे कमी असण्याचा आणखी एक लाभ : पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती एका ठरावीक व्होल्टेजलाच मिळते. व्होल्टेज डुलत राहिले तर तो बिंदू सतत निसटतो आणि पाण्याची धार तेवढी बारीक होते.

खऱ्या अर्थाने भाग कमी कुठे झाले?

छताच्या पंख्यात. बीएलडीसी पंख्याच्या आत सहा स्विचचा तीनफेजी इन्व्हर्टर असतो. हे सहा मॉस्फेट आणि त्यांना चालवणारी सर्किटे आता एकाच चिपमध्ये मिळतात. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरलाही असेच एक मोड्यूल चालवते. (इन्व्हर्टर एसी म्हणजे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणारा एसी नव्हे, हा गैरसमज दुकानांत अजून ऐकू येतो.) स्विच सहाचे सहाच राहिले, पण बोर्डावरचे सुटे भाग, डाग दिलेले सांधे आणि तारा गेल्या. बिघाड बहुतेक वेळा या सांध्यांत आणि कपॅसिटरमध्ये होतो.

मोटारींतही हाच प्रवास आहे. टेस्लाच्या ‘मॉडेल ३’च्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइडची २४ मोड्यूल होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या पिढीत या महागड्या द्रव्याचा वापर ७५ टक्क्यांनी कमी करणार असल्याचे सांगितले.

घेताना काय विचारावे?

घरगुती इन्व्हर्टर घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ आहे का, हे पहिले. दुसरे, भार नसताना तो बॅटरीतून किती प्रवाह ओढतो. हा आकडा माहितीपत्रकात ‘नो लोड करंट’ या नावाने असतो, दुकानदार क्वचितच सांगतो. १२ व्होल्टला सव्वा अँपिअर म्हणजे १५ वॉट. रात्रभर लाइट नसेल तर हा अर्ध्या पंख्याचा खर्च. भार मोठा असेल तर एका मोठ्या बॅटरीपेक्षा २४ व्होल्टचा संच बघावा.

छतावरच्या सौर इन्व्हर्टरसाठी कमाल कार्यक्षमतेचा मोठ्या अक्षरांतला आकडा पुरेसा नाही, कारण तो एका सोयीच्या भारावर मोजलेला असतो. त्याच पत्रकात वेगवेगळ्या भारांवरची सरासरी धरून काढलेली ‘युरोपियन एफिशिअन्सी’ लहान अक्षरांत असते, ती पाहावी. तसेच किती अंश तापमानानंतर यंत्र आपली क्षमता आपोआप कमी करू लागते, तो तक्ता मागावा. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात बसवलेला इन्व्हर्टर दुपारी, म्हणजे वीज सर्वाधिक बनते तेव्हाच, हात आखडता घेतो.

सौर पंपाच्या पेटीचेही तेच. आपल्याकडे पॅनेलचे तोंड दक्षिणेला असते, त्यामुळे चौकटीच्या मागची, उत्तरेकडची बाजू दिवसातला बराच वेळ सावलीत राहते. पंप बसवायला माणसे येतात त्या दिवशी शेतात हजर राहून पेटी त्या बाजूच्या खांबाला लावून घेता येते. त्याला वेगळा खर्च येत नाही.